क्षयरोगप्रतिबंधक लस

क्षयरोगाच्या गदाणूंविरुद्ध शरीरात प्रतिरक्षा उत्पन्न करण्यासाठी टोचण्यात येणारी लस. सर्वत्र वापरात असलेली अशी लस एकच असून ती बीसीजी या नावाने ओळखली जाते. मस्तिष्कावरणाचा व सर्वांगव्यापी क्षय या घातक प्रकारांपासून ती अर्भकांना चांगले संरक्षण देते. परंतु ज्यामुळे रोग मुख्यत्वे पसरतो तो प्रौढांचा फुप्फुसाचा क्षय तिला खात्रीने रोखता येत नाही. अधिक गुणकारी लशीचा शोध या उणिवेतून सुरू झाला व त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे.

लसपूर्व काळ : रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या गदाणूचा शोध जाहीर केला. त्यानंतरही सुमारे सहा दशके गुणकारी औषध उपलब्ध नव्हते. विश्रांती, सकस आहार व शुद्ध हवा यांवरच भर असे. सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केले. मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाचे क्षयरोग आरोग्यधाम सांगली-मिरज परिसरात वॉनलेसवाडी येथे उभे राहिले. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील म्हसवड, दहिवडी यांसारख्या अवर्षणग्रस्त भागांतून अनेक लोक मुंबईस कामासाठी जात. तेथील दाट वस्तीच्या चाळी संसर्गास अनुकूल होत्या आणि महिनोन्‌महिने चालणारा आरोग्यधामातील उपचार अशा कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा होता. रोग होण्यापूर्वीच संरक्षण देणाऱ्या स्वस्त साधनाची गरज त्यांनाच सर्वाधिक होती.

बीसीजी : आल्बेर कालमेट व कामीय गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचे गदाणू पित्तयुक्त बटाट्याच्या माध्यमावर १९०८ पासून १३ वर्षे, २३० वेळा पुन्हापुन्हा वाढविले व त्यांची रोगकारकता नष्ट केली. ही लस १९२१ मध्ये पॅरिस येथे प्रथम एका अर्भकास पाजण्यात आली. ल्यूबेक (जर्मनी) येथे १९३० मध्ये लशीत रोगकारक गदाणू मिसळले गेल्याने सत्तरहून अधिक अर्भके दगावली व लशीचा प्रसार काही काळ मंदावला.

भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडी येथे बीसीजी प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून सामूहिक लसीकरणाची मोहीम हाती घेण्यात आली. लशीचा निश्चित उपयोग पडताळण्यासाठी तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली. तीत अडीच लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळत नाही, असा तिचा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील शालेय मुलांत मात्र हीच लस बरीच गुणकारी ठरली होती. परिसरातील निरुपद्रवी मायकोबॅक्टीरियांशी आधीच आलेला संपर्क हे या तफावतीचे एक संभाव्य कारण मानले जाते. अर्भकांना होणाऱ्या लाभामुळे ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात कायम राहिली.

सुधारित लशी : १९६६ मध्ये पुणे येथे स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ही बीसीजीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारी संस्था आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली व्हीपीएम १००२ ही लस या संस्थेने विकासासाठी स्वीकारली. बीसीजीमधील यूरिएज एंझाइमाचे जीन काढून त्याजागी लिस्टेरिया या जंतूचे लिस्टेरिओलायसिन प्रथिनाचे जीन तीत घातले आहे. हे प्रथिन गदाणूला वेढणाऱ्या कोशिकांतर्गत पुटिकेच्या पटलास छिद्रे पाडते. त्यामुळे प्रतिजने कोशिकाद्रव्यात येतात व टी-कोशिकांचा प्रतिसाद व्यापक होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये ही लस व इम्युव्हॅक यांची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केली. रुग्णांच्या घरात राहणाऱ्या सुमारे १२,००० व्यक्ती तीत सहभागी झाल्या. रुग्णाच्या निकट सहवासामुळे या व्यक्तींना रोगाचा धोका अधिक असतो.

एम ७२ ही दोन प्रतिजनांची, सहायक द्रव्ययुक्त लस संसर्ग असलेल्या प्रौढांना तीन वर्षांपर्यंत सुमारे ५०% संरक्षण देते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांना क्षयरोग झाला व त्यांपैकी सुमारे २६% भारतातील होते. फुप्फुसाचा क्षय रोखणाऱ्या लशीचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.