परवाना, हक्क आणि कर्तव्य



अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडेही दोन दिवस चर्चा रंगते. कोणी म्हणतो, बरे झाले, आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत. दुसरा म्हणतो, इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले आणि स्वतंत्र भारताने तेच पुढे चालवले. दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण आपल्या देशातला खरा वाद बंदूक असावी की नसावी हा नव्हताच. राज्य कोणाच्या हाती शस्त्र देते, म्हणजेच कोणावर विश्वास ठेवते, हा तो वाद होता. आज त्याचा इतिहास पाहू.

1857च्या उठावानंतर इंग्रजांनी प्रांताप्रांतांत हत्यारे गोळा केली. पुढे लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना 1878चा शस्त्र कायदा आला. शस्त्र बाळगायला, बनवायला, विकायला आणि आणायला परवाना लागू झाला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. तो वृत्तपत्र कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्र कायदा मात्र राहिला. लोकांना सलत होता तो नुसता परवाना नव्हता. गोऱ्या माणसाला या अटीतून सूट होती आणि त्याच गावातल्या हिंदी माणसाला नव्हती, ही खरी सल होती. हा उघड अविश्वास होता, आणि तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता.

म्हणूनच काँग्रेसने 1887च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे पुजारी गांधीजी या बाबतीत काय म्हणत होते, हे अनेकांना ठाऊक नसते. 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. 1930 साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या 11 मागण्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. 1928च्या नेहरू अहवालात आणि 1931च्या कराची ठरावात तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच होता.

आता या अविश्वासाची दुसरी बाजू पाहा. ती माझ्या व्यवसायाशी जोडलेली आहे. इंग्रजांनी सैन्यभरतीतही 'लढाऊ जाती' आणि बाकीच्या अशी विभागणी केली. ज्या महार सैनिकांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, त्यांची भरती 1890च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज तयार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यातले सुभेदार. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडले. शस्त्र हाती देणे म्हणजे बरोबरीचा माणूस मानणे, आणि ते काढून घेणे म्हणजे त्याची पायरी दाखवणे, हे त्या घरात कोणी शिकवायची गरज नव्हती.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की डिसेंबर 1948मधली संविधान सभेतली चर्चा नीट कळते. हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कराचीचा ठराव त्यांच्या बाजूने होता. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअटकाव विकत घेता आले तर राज्याने कारभार करायचा कसा, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा, म्हणजे संकट आले तर राज्य नागरिकाला रक्षणासाठी बोलावू शकेल, असे ते म्हणाले. दुरुस्ती नामंजूर झाली. आज अनुच्छेद 19 आपल्याला शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देते. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, हे अनुच्छेद 25मध्ये स्पष्ट केले आहे. सर्वसाधारण शस्त्रहक्क संविधानात नाही.

मग आला 1959चा शस्त्र कायदा. तो ऑक्टोबर 1962पासून अमलात आहे. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. परवाना नाकारायचा तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि निर्णयाविरुद्ध अपील करता येते, ही मोठी सुधारणा. पुढे शस्त्रांची संख्या तीनवर आणि 2019च्या दुरुस्तीने दोनवर आली. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2016च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. कागदावर कायदा बराच समंजस आहे.

व्यवहारात काय होते? एक उदाहरण सांगतो. आपले जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात. बँकेत सशस्त्र पहारेकऱ्याची नोकरी हवी तर बऱ्याच ठिकाणी स्वतःची बारा बोअर आणि स्वतःचा परवाना लागतो. माझ्या ओळखीच्या एका हवालदारसाहेबांचा अर्ज एका जिल्हा कार्यालयात वर्षाहून अधिक काळ पडून होता. नकार नाही, होकार नाही, लेखी कारणही नाही. कारणच लेखी मिळाले नाही तर माणूस अपील कशावर करणार? सतरा वर्षे देशाने ज्याच्या हाती रायफल दिली, त्याला पोटासाठी लागणाऱ्या बंदुकीकरिता खेटे घालावे लागले आणि नोकरी हातची गेली.

याउलट जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात दोन लाखांहून अधिक परवाने गैरमार्गाने दिले गेल्याच्या आरोपाची सीबीआयने चौकशी केली. म्हणजे एकीकडे प्रामाणिक अर्ज धूळ खातो आणि दुसरीकडे परवान्यांची खिरापत वाटली जाते. गुन्हेगार तर परवान्याच्या वाटेला जातच नाही. मीर कासिमच्या काळापासून बंदुका घडवणाऱ्या मुंगेरमध्ये आज परवानाधारक कारखाने आहेत, आणि त्याच भागातले चोरटे कट्टे देशभर पकडले जातात.

इतिहासाचा एक चमत्कारिक अवशेषही सांगायला हवा. 1857नंतर इंग्रजांनी कोडगू म्हणजे कूर्गच्या लोकांना निष्ठेबद्दल परवान्यातून सूट दिली. ती आजही आहे. केंद्राने ती 2029पर्यंत वाढवली आणि 2021मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वैध ठरवली. कोडवांच्या कैलपोळ्द सणात शस्त्रांची पूजा होते, बंदूक त्यांच्या संस्कृतीत आहे, आणि सैन्यात त्यांचे मोठे नाव आहे. फील्ड मार्शल करिअप्पा तिथलेच. मला त्यांच्या सवलतीचा हेवा नाही. पण ती कोणी आणि कशासाठी दिली, हे विसरू नये.

आता बाबासाहेबांच्या 'कर्तव्या'कडे परत येऊ. त्याचे दोन प्रयोग आपल्या देशात झाले. 1990च्या दशकात डोडासारख्या डोंगराळ भागात, जिथे मदत पोहोचायला तास लागतात, तिथे ग्राम संरक्षण समित्यांना थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या. अनेक गावे त्यामुळे टिकली. काही सदस्यांवर गुन्हेही दाखल झाले. जानेवारी 2023मध्ये राजौरीतल्या ढांगरी गावावर हल्ला झाल्यावर या दलांना पुन्हा शस्त्रे आणि प्रशिक्षण देण्यात आले. दुसरा प्रयोग छत्तीसगडमधला. जेमतेम पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांना महिना तीन हजार मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून नक्षलवाद्यांपुढे उभे केले गेले. जुलै 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पहिल्या ठिकाणी लोक स्वतःचे घर राखत होते. दुसऱ्या ठिकाणी राज्याने आपले काम गरीब पोरांच्या अंगावर ढकलले होते. कर्तव्याच्या नावाखाली दोन्ही गोष्टी खपतात, म्हणून फरक ओळखावा लागतो.

सैन्यात आमची हत्यारे कोतात असतात. कोत म्हणजे पलटणीचे शस्त्रागार. रायफल कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकाची नेली, हे नोंदवहीत लिहिले जाते, आणि परत आली की मोजून घेतली जाते. एक रायफल कमी भरली तर सगळी पलटण जागची हलत नाही. सैनिकासाठी रायफल हा हक्क नाही, ती सोपवलेली ठेव आहे. पण ती सोपवताना त्याची जात विचारत नाहीत, आणि त्याला वर्षभर ताटकळतही ठेवत नाहीत.

नागरी परवान्याबाबत माझे म्हणणे इतकेच आहे. शस्त्र हा मूलभूत हक्क नसावा, हा 1948चा निर्णय योग्य होता. मात्र अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत आणि लेखी कारणासह लागणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. तो मिळत नाही तोवर 1878चा अविश्वास पुस्तकातून गेला तरी टेबलावर शिल्लक आहे, असे मी म्हणेन.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.