मनगटावरचा कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'विजेच्या कागदाची घड्याळे' असे सांगितले. ते हसले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, हे घड्याळांचे खूळ त्याला कोठून लागले, असे त्यांना वाटले असावे. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर माझी खात्री झाली आहे की, आमची निम्मी भांडणे घड्याळावरून होतात आणि उरलेली निम्मी कागदावरून. ही दोन्ही आता एकाच वस्तूत येऊ लागली आहेत. तेव्हा तिचा इतिहास आपण पाहिलाच पाहिजे.

प्रथम घड्याळाचे पाहू. आपल्या जंगलपट्टीत तेंदूपत्ता तोडणारी बाई पहाटे अंधारात निघते. तिची मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर ठरते, तासांवर नव्हे. घड्याळ आपल्याकडे आले ते कोळशाच्या खाणीबरोबर आणि कागदाच्या गिरणीबरोबर, आणि तेही भोंग्याच्या रूपाने. म्हणजे वेळ ठरवणार मालक आणि ऐकणार कामगार.

मुंबईत हेच आधी घडून गेले होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, अशा त्यात मागण्या होत्या. गंमत पहा, कामाचा आरंभ घड्याळाने आणि शेवट सूर्याने! रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. परंतु पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला काही अर्थच उरला नाही. मग १९०६ च्या जानेवारीत मुंबईवर 'स्टँडर्ड टाइम' आला. तो मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होता. म्हणजे भोंगा सूर्याच्या हिशेबाने तेवढा लवकर वाजणार! कामगारांनी गिरणीच्या दारात निदर्शने केली. मुंबईच्या नगरपालिकेनेही आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

भोंग्याला उत्तर द्यावयाचे तर कामगाराजवळ स्वतःचे घड्याळ हवे. ते १९६१ नंतर मिळू लागले. एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला घड्याळे करण्यास आरंभ केला. त्यांतले 'जनता' नावाचे, किल्लीचे घड्याळ पगारदार माणसाच्या ऐपतीतले होते. पुढे २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करण्याचे ठरवले. पण आपल्या गावातल्या कितीतरी मनगटांवर ते अजून चालते.

असेच एक 'जनता' मी एका खटल्यात पाहिले. कारखान्याचे नाव घेत नाही. हजेरीपटावर सर्वांची सुटण्याची वेळ एकसारखी, टापटिपीने लिहिलेली. एका फिटरजवळ मात्र मुलाच्या शाळेची जुनी वही होती. तीत तो रोज आपल्या घड्याळात पाहून आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ लिहीत असे. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. साहेबांनी हजेरीपट उजेडात धरला, तेव्हा खाडाखोड केलेल्या जागी कागद पातळ झालेला दिसला. समझोता झाला आणि चौदा जणांना जादा कामाचे दुप्पट दराने पैसे मिळाले.

आता विजेच्या कागदाकडे येऊ. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे असे सूक्ष्म मणी विजेने फिरवून अक्षर उमटवले. पुढे एम.आय.टी.मधले जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी निराळी युक्ती काढली आणि १९९७ साली 'ई इंक' ही कंपनी निघाली. केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांत स्वच्छ द्रव भरलेला असतो. त्यात काळे व पांढरे कण असतात, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा दाब जसा द्यावा तसे एक वर येतात, दुसरे खाली जातात. वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत, आणि चित्र तसेच राहते. त्याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरच्या उजेडात ते वाचावयाचे. म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो, तेव्हा हे अक्षर अधिकच स्वच्छ दिसते.

असा पडदा वाकवता येतो, हे कळल्यावर घड्याळवाल्यांनी तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग केले. सेइकोने २००५ साली कंकणासारखे वळलेले घड्याळ दाखवले. सोनीच्या माणसांनी तबकडी आणि पट्टा मिळून एकाच विजेच्या कागदाचे घड्याळ केले. बटण दाबले की पट्ट्याची नक्षीही बदलते. लोकांना वस्तू आवडते की नाव, हे पाहण्यासाठी २०१४ साली कंपनीचे नाव लपवून त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. एवढ्या मोठ्या कंपनीला वर्गणी मागताना पाहून आम्हां युनियनवाल्यांना थोडे बरे वाटले. मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'वॉची' नावाचे घड्याळ. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. ज्याला अक्कल आहे त्याने त्याच्याकडून हवे ते काम करून घ्यावे. आमच्या फिटरची वही अशा घड्याळात मावेल.

परंतु मनगटावरचे प्रत्येक घड्याळ मनगटवाल्याचेच असते असे नाही. २०२० च्या आगेमागे नागपूर आणि चंदीगडच्या सफाई कामगारांना महापालिकांनी घड्याळे बांधली. ती विजेच्या कागदाची नव्हती. झाडू मारणारा माणूस या घटकेला कोठे उभा आहे, हे ती कचेरीला कळवीत. भोंगा गिरणीच्या छपरावरून उतरून हातावर येऊन बसला, एवढाच फरक!

विजेच्या कागदाचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्यावरचे अक्षर बदलले, तर बदलल्याची खूण त्या कागदावर राहत नाही. बांबूच्या लगद्याचा कागद खोडला की पातळ होतो, आणि आमचा खटला त्याच पातळपणाने निकालात निघाला. म्हणून नवे घड्याळ आले तरी वही टाकू नका, असे मी माझ्या सभासदांना सांगतो.

आपल्या शेजारी धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. त्याच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे कागदाच्या गिरणीला जात होता. २००९ साली गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. बांबू तोच, रान तेच, पुस्तकही तसेच. ते भरणारा हात मात्र बदलला, आणि त्याबरोबर गावाचा व्यवहार बदलला.

उद्या तुमच्या कारखान्यात कोणी नवे घड्याळ वाटावयास आले, तर त्याची नक्षी जरूर पहा, कौतुकही करा. मग एवढेच विचारा की, यात लिहिलेले मला वाचता येईल काय, आणि त्याची एक प्रत माझ्या घरी राहील काय? उत्तर होकारार्थी आले, तर आनंदाने हात पुढे करा.