पलटणीच्या खिशातला चाकू

सुट्टीवर गेलो की गावातली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, कमांडो चाकू दाखवा ना." सिनेमात पाहिलेलं ते हातभर लांबीचं, मागच्या बाजूला करवतीसारखे दाते असलेलं पातं त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. मी खिशातून घडीचा चाकू काढतो. पातं जेमतेम तीन इंचांचं, शेजारी डबा उघडायची आकडी आणि एक टोच्या. पोरांचे चेहरे पडतात. एकाने तर विचारलं होतं, "एवढ्याशा चाकूनं शत्रू मरतो का?"

मरत नाही. त्यासाठी तो दिलेलाही नाही. सैन्यातल्या चाकूंचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा ही गोष्ट मला जास्त नीट कळली. तलवार, संगीन, खुकरी यांचा इतिहास लढाईचा आहे. घडीच्या चाकूचा इतिहास मात्र पोटाचा, दोरखंडाचा आणि स्क्रूचा आहे. सैनिकाच्या आयुष्यात नवीन काही आलं की चाकूला एक नवीन पातं फुटलं. त्यामुळे असा चाकू उघडून एकेक पातं बाहेर काढलं, की त्या काळचा शिपाई दिवसभर काय करत होता ते समजतं.

मिटणारा चाकू फार जुना. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मिटता चाकू सापडलेला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं, एक घडीचं अवजार आहे. चांदीची मूठ, तिला काटा, चमचा, टोच्या आणि एक लोखंडी पातं, सगळं मिटून एकत्र बसणारं. कुणातरी प्रवासी श्रीमंताचं ते असावं. पण कल्पना तीच: घर सोडून निघालेल्या माणसाला जेवायला आणि बारीकसारीक कामाला जे लागतं, ते एका मुठीत मावलं पाहिजे.

आपल्याकडे गोरखा पलटणींमध्ये हीच गरज वेगळ्या तऱ्हेने भागवलेली दिसते. खुकरीच्या म्यानात मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. एक कर्दा, म्हणजे लहान सुरी, आणि दुसरं चकमक, गारगोटीवर ठिणगी पाडायला आणि खुकरीची धार सरळ करायला. मोठं पातं कितीही नावाजलेलं असलं, तरी कांदा चिरायला, काटा काढायला हात कर्द्याकडेच जातो.

युरोपात घडीचा चाकू रूढ झाला तो खलाशी आणि घोडेस्वार यांच्यामुळे. खलाशाचं सगळं आयुष्य दोरखंडावर. ओला दोर आवळला की गाठ बोटांनी सुटत नाही, म्हणून चाकूला जाड, टोकदार टोच्या आला. डोलकाठीवर चढलेल्याच्या हातून चाकू निसटला तर खालच्याच्या डोक्यात बसेल, म्हणून तो दोरीने अंगाला बांधायची पद्धत आली. तीच दोरी आजची लॅनयार्ड. घोडेस्वाराच्या चाकूला वळलेली आकडी असे, घोड्याच्या खुरात रुतलेला खडा काढायला. लंगडणारा घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. डोंगरी तोफखान्यात किंवा खेचरांच्या कंपनीत ज्यांनी नोकरी केली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. खेचराच्या पाठीवरचं ओझं चढावर एका बाजूला सरकलं आणि ओली गाठ सुटेना झाली, की टोच्याची किंमत कळते.

पुढचं पातं आणलं पत्र्याच्या डब्याने. 1810 मध्ये पीटर ड्युरँडने इंग्लंडमध्ये डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट घेतलं. काही वर्षांतच ब्रायन डॉन्किनच्या कारखान्यातले डबे ब्रिटिश नौदलाकडे जाऊ लागले. आता गंमत पाहा. डबे उघडायच्या खास अवजाराचं पेटंट यायला 1855 साल उजाडलं. मधली चाळीसहून जास्त वर्षं डबे छिन्नी-हातोडीने फोडायचे, आणि शिपाई ते संगिनीने फोडत. अन्न पुरवणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं टिकेल याची काळजी घेतली. खाणारा ते उघडणार कसं, हा प्रश्न त्याच्यावरच सोडला. ज्यांनी कधी उंचावरच्या चौकीत गोठलेला अननसाचा डबा हातात धरलाय, ते इथे हसतील.

डबा आणि चाकू यांची सरकारी गाठ पडली ती स्वित्झर्लंडमध्ये, आणि तिला निमित्त झाली एक रायफल. स्विस सैन्याने 1889 ची श्मिट-रुबिन रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे. मग प्रत्येक शिपायाला वेगळा स्क्रू ड्रायव्हर देण्यापेक्षा एकच घडीचा चाकू द्यावा असं ठरलं. एक पातं, एक डबा उघडणारं, एक टोच्या, एक स्क्रू ड्रायव्हर, आणि गडद लाकडी मूठ. पहिली मोठी ऑर्डर 1891 मध्ये पुरी झाली, पण ती स्विस कारागिरांनी नाही, तर जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखान्याने. एवढा माल वेळेत बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये नव्हती.

ही गोष्ट इबाख गावच्या कार्ल एल्सेनर या कारागिराला लागली. त्याने स्विस सुरी-कारागिरांना एकत्र करून आपल्या सैन्याचा चाकू आपण बनवायचा घाट घातला. झोलिंगेनचा माल स्वस्त पडे, तोटा होऊ लागला, तसे बाकीचे बाजूला झाले आणि कर्ज एल्सेनरच्या डोक्यावर राहिलं. त्याला वाचवलं ते 1897 मध्ये नोंदवलेल्या एका हलक्या, देखण्या नमुन्याने. त्याने नाव ठेवलं अधिकाऱ्यांचा चाकू. त्यात एक जास्तीचं छोटं पातं होतं, आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. शिपायाच्या चाकूला बूच काढायचा स्क्रू नव्हता, अधिकाऱ्याच्या चाकूला होता. मेसमधल्या माझ्या मित्रांनी यावर भाष्य करू नये ही विनंती.

विशेष म्हणजे सैन्याने हा अधिकाऱ्यांचा चाकू कधी सरकारी साहित्यात घेतला नाही. अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घेत. पुढे एल्सेनरच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावाला स्टेनलेस पोलादाचं आयनॉक्स हे नाव जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू घरी नेले. मूळ जर्मन नाव जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी 'स्विस आर्मी नाइफ' म्हणायला सुरुवात केली. जगात सैन्याच्या नावाने सगळ्यात प्रसिद्ध झालेला हा लाल चाकू सैन्याने कुणाला वाटलेला नव्हता.

आपल्या पलटणींचा संबंध येतो तो ब्रिटिश क्लास्प नाइफशी. रुंद, बोथट टोकाचं पातं, डबा उघडणारं आणि जाड टोच्या. दोन्ही महायुद्धांत शेफील्डच्या कारागिरांनी तो अफाट संख्येने बनवला. पहिल्या महायुद्धात मूठ शिंगाची किंवा फायबरची असे, दुसऱ्यात काळी, चौकटीदार खरबरीत. टोक मुद्दाम बोथट, कारण भोसकायला संगीन होती. चाकू दोर, पट्टे, पाव आणि कापड कापायला. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या 103 आणि 117 मराठा पलटणी, किंवा 1944-45 मध्ये इटलीत लढलेल्या मराठा बटालियन, या सगळ्या ब्रिटिश पुरवठ्याच्याच साखळीतून साहित्य घेत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आपल्याला पाठ असतात, आणि असावेतच. पण हल्ल्याची ती काही मिनिटं सोडली तर त्यांच्यासारख्या हजारोंचे बाकीचे दिवस खंदकाच्या फळ्या बांधण्यात, तारा ओढण्यात, डबे उघडण्यात गेले. त्या दिवसांचं पदक नसतं.

एक काम मात्र या चाकूचं लढाईच्या अगदी मधोमध असतं. जखमीला पट्टी बांधायची तर आधी जखम दिसली पाहिजे. रक्ताने चिकटलेला गणवेश, बुटाची नाडी, पाठीवरच्या सामानाचा पट्टा कापावा लागतो, तोही त्या माणसाला आणखी इजा न करता. बोथट टोकाचं पातं तिथे उपयोगी पडतं. माणूस वाचवायला बऱ्याचदा उघडलेलं हे पातं आहे.

हवाई छत्री आली तेव्हा चाकू पुन्हा बदलला. छत्री झाडात अडकली, एक हात दोऱ्यांत गुंतला, तर दोन हातांनी उघडायचा चाकू काय कामाचा? जर्मन छत्रीधारी सैनिकांसाठी 1937 मध्ये असा चाकू आला, की कळ दाबून मूठ खाली झुकवली की पातं स्वतःच्या वजनाने बाहेर येई. अमेरिकनांनी खटक्याचा चाकू घेतला आणि छत्रीधाऱ्यांच्या जाकिटाला गळ्याजवळ एक खास खिसा शिवला. त्याला दोन्ही बाजूंनी चेन, म्हणजे कुठलाही एक हात मोकळा असला तरी चाकू निघावा. हा खिसा शिवणाऱ्याने झाडाला लटकलेल्या माणसाचा किती बारकाईने विचार केला असेल!

गंमत अशी की युद्ध संपल्यावर हेच खटक्याचे चाकू शहरांत गुंडांचे मानले गेले. अमेरिकेने 1958 मध्ये आणि ब्रिटनने 1959 मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंधनं घातली. आपल्याकडे रामपुरीचं नाव हिंदी सिनेमाने असंच बदनाम केलं. आमच्या 2 पॅराच्या जुन्या लोकांना विचारा. ही पलटण मूळची 3 मराठा, आणि 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलवर उतरलेली. हवेतून उडी मारणाऱ्याला एका हाताने उघडणारं पातं का लागतं, हे ते एका वाक्यात सांगतील.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. अमेरिकनांनी 1942 मध्ये शिकागोच्या प्रयोगशाळेत बोटाच्या पेराएवढी घडीची डबा-किल्ली बनवली. पी-38 तिचं नाव. सैनिक ती गळ्यातल्या ओळखपट्टीच्या साखळीत अडकवत. मग डब्यांऐवजी पाकिटातलं जेवण आलं आणि किल्लीचं काम संपलं. 1983 मध्ये टिम लेदरमन याचं पक्कड असलेलं अवजार बाजारात आलं आणि बघता बघता सैन्यांत पोचलं, कारण आता सैनिकाच्या हातात दोरापेक्षा तार जास्त येते. स्विस सैन्याचा 2008 चा नमुनाही एका हाताने उघडतो. त्याची निविदा आंतरराष्ट्रीय निघाली तेव्हा चाकू परदेशात बनेल म्हणून स्विस लोकांनी मोठी ओरड केली. 1891 च्या पहिल्या चाकूवर झोलिंगेनचा शिक्का होता, हे किती जणांना आठवलं असेल कोण जाणे.

आता एक अनुभव सांगतो. जवान गेला की त्याच्या खासगी वस्तूंची यादी करायला एक समिती बसते. अशा एका समितीवर मी होतो. उंचावरच्या चौकीत आम्ही एक तरुण नाईक गमावला होता. त्याची रायफल नंबर तपासून कोतमध्ये जमा झाली. उरलं ते घड्याळ, मोबाइल, पासबुक, देवाचा फोटो आणि घडीचा एक चाकू, स्वतःच्या पैशाने घेतलेला. एका बाजूची मूठ तुटली होती. तिथे त्याने दारूगोळ्याच्या पेटीची फळी तासून बसवली होती.

समितीतल्या एकाने हळूच विचारलं, "साहेब, अशा वेळी घरी चाकू पाठवणं बरं दिसेल का?" सुभेदारसाहेब क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, हा काय हत्यार आहे होय? याच्यानं सगळ्या सेक्शननं संत्री खाल्लीत." त्यांनी तो पुसला, सांध्यात तेलाचा थेंब सोडला, मिटला आणि यादीत लिहिलं: चाकू, घडीचा, एक.

वर्षभराने त्याच्या वडिलांचा फोन आला, पेन्शनच्या कागदासाठी. बोलता बोलता ते म्हणाले, डाळिंबाची छाटणी झाली की सुतळी कापायला तोच चाकू घेतो, धार अजून चांगली आहे.

त्याच्या रायफलचा नंबर नोंदवहीत सापडेल. चाकूचा नंबर नसतो, त्यामुळे त्याची आठवण ठेवायचं काम घरच्यांचं आणि आपलं. निवृत्त मंडळींना आणि त्यांच्या मुलानातवंडांना माझी एक विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत, आजोबांच्या पेटीत, कधी स्वयंपाकघराच्या खणात असा चाकू पडलेला असतो. तो उघडा. पात्याच्या मुळाशी शेफील्डच्या कारागिराचं नाव, साल, किंवा सरकारी मालाचा तो छोटा बाण दिसतो का ते पाहा. गंज असेल तर घासू नका, नाहीतर शिक्काही जाईल. नुसतं तेल लावून फडक्याने पुसा. आणि तो कुणाचा होता, कुठल्या पलटणीचा, त्याने काय काय कापलं, ते विचारायला घरात कुणी असेल तर आजच विचारून एका कागदावर लिहून चाकूबरोबर ठेवा. विमानाने प्रवास करणार असाल तर मात्र तो हातातल्या पिशवीत ठेवू नका. अनेक जुन्या साथीदारांचे चाकू युद्धात नाही, विमानतळावर गेले आहेत.