मेंदूचा कानोसा

अपस्मार म्हटला की हातपाय झाडणारा रोगी आपल्या डोळ्यांपुढे येतो, आणि कांदा किंवा चप्पल हुंगविण्यास धावणारी मंडळीही. परंतु काही झटके मुके असतात. अतिदक्षता विभागात रोगी निपचित पडलेला असतो, आत मेंदूत मात्र वादळ चालू असते. ते वेळीच न ओळखल्यास मेंदूस कायमची इजा होऊ शकते.

हे वादळ कागदावर उतरविण्याची वाट जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी दाखविली. मानवी मेंदूच्या विद्युतलहरी त्यांनी १९२४ साली प्रथम नोंदविल्या व १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. पण त्या नागमोडी रेघा वाचणारा तज्ज्ञ मध्यरात्री आणावा कोठून? स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ परविझी व संगीतकार ख्रिस चेफ यांनी त्या रेघांनाच मानवी कंठासारखा स्वर दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, आलेखवाचन न शिकलेल्या परिचारिका व वैद्यकीय विद्यार्थ्यांनी केवळ ऐकून बहुतेक सर्व झटके ओळखले. पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी छातीस लावून हृदय ऐकले ते १८१६ साली. मेंदूची पाळी यावयास दोन शतके लागली!

उपचाराविषयी मात्र आम्ही जपूनच बोलू. मोत्सार्टची दोन पियानोंसाठीची १७८१ ची रचना ऐकताना २९ पैकी २३ रोग्यांच्या मेंदूतील विकृत लहरी घटल्याचे जॉन ह्यूज यांनी १९९८ मध्ये नोंदविले. तेवढ्यावरून कोणी गोळ्या सोडू नयेत. संगीतानेच झटका येणारे रोगीही असतात. लंडनच्या मॅक्डोनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्येच त्यांविषयी लिहिले आहे.