शेवटचं एक पाणी

ऑक्टोबरच्या सकाळी देवरीहून निघालो. महामार्गाने पश्चिमेला कोहमारा, तिथून डावीकडे नवेगावबांध. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. लोंबी भरत आलेली, आणि पंधरा दिवस पाऊस नाही.

धानाचं गणित इथेच अडतं. रोवणी चांगली झाली, पीक कमरेएवढं वाढलं, तरी दाणा भरताना पाणी नसेल तर हातात पोचट लोंबी येते. १८९६ साली तेच झालं. ऑगस्टअखेर पाऊस एकाएकी थांबला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लोक सावरतात न सावरतात तोच १८९९चा पावसाळा कोरडा गेला. जुलै १९०० मध्ये प्रांतातले वीस लाखांहून जास्त लोक सरकारी मदतीवर जगत होते.

या संकटावरचा तोडगा या भागात त्याआधीच तयार होता. कोहळी समाजाने उतार हेरून, मातीची पाळ घालून तलाव बांधले होते. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. पाऊस लवकर गेला की तलावातून शेवटचं एक पाणी द्यायचं आणि पीक घरात आणायचं. अर्थात १८९९सारख्या वर्षी तलावच भरत नाहीत, तिथे हा उपायही तोकडा पडतो.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. ते योग्यच होतं; पाण्यावर एका घराची मालकी कशाला? पण मालकीबरोबर पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायची गावाची सवयही सुटत गेली. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. कित्येक गाळाने उथळ झालेत, बेशरमीने वेढलेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी काही तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परतले.

वाटेतल्या एका लहान तलावाच्या पाळीवर म्हातारे शेतकरी भेटले. विचारलं, "काका, यंदा पीक हाती येईल ना?"

त्यांनी खालच्या बांध्यांकडे बोट दाखवलं. "एक पाणी भेटलं तं होते जी."

मी तलावाकडे पाहिलं. पाणी होतं, पण काठापासून बरंच आत सरकलेलं. त्या एका पाण्यापुरतं ते होतं का, हे मला सांगता आलं नसतं. काकांना सांगता आलं असतं. मी विचारलं नाही.