सतरंजीवर बसलेले पाद्री

भुसावळहून उत्तरेला निघून तापी ओलांडली की केळीच्या बागा लागतात आणि थोड्याच वेळात यावल येतं. पाठीशी सातपुडा, गावात निंबाळकरांचा जुना किल्ला. हे गाव एकेकाळी हातकागदासाठी आणि निळीसाठी नावाजलेलं होतं. सपाटीवर लेवा पाटलांची शेती, डोंगराच्या पायथ्याशी तडवी भिल्लांच्या वस्त्या, त्याहून वर पावरा पाडे. तडवींनी इस्लाम स्वीकारला त्याला पिढ्या लोटल्या, तरी भिल्लांच्या कितीतरी जुन्या रीती त्यांच्यात टिकून राहिल्या. पूर्वेला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव, जवळच मुक्ताबाईचं स्थान. पश्चिमेला अमळनेर, सखाराम महाराजांचं. श्रद्धेची एवढी दाटी असलेल्या या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून माणसं आली आणि त्यांनी नव्या देवाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन मिशनचे लोक आधी वऱ्हाडात अकोल्याला स्थिरावले, मग रेल्वेच्या वाटेने भुसावळ-जळगावात आले. फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत 'स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन' उभं केलं होतं. त्याचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात उतरले. पश्चिमेकडच्या भिल्ल मुलखात स्वीडनची माणसंही आली. हा काळ होता १८९९-१९०० च्या, लोकांच्या तोंडी 'छपन्न्या' म्हणून राहिलेल्या, दुष्काळाचा. प्रवचनाच्या आधी भाकरीची सोय करावी लागली आणि आईबाप गमावलेली मुलं सांभाळणं हेच मिशनचं मोठं काम होऊन बसलं.

बर्फाच्या देशातल्या माणसाला जळगावचा वैशाख म्हणजे केवढी परीक्षा, हे खानदेशात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. म्हणून गावोगाव हिंडायचं ते थंडीत. बैलगाडीवर तंबू, भांडीकुंडी, औषधांची पेटी आणि पुस्तकं लादायची, आठवडे बाजार आणि जत्रा गाठायच्या. उन्हाळ्यात ज्यांना जमेल त्यांनी डोंगराची हवा धरायची. भाषेची अडचण आणखी वेगळी. व्याकरण आणि कोश घोकून आलेली मराठी पुण्या-मुंबईच्या शिष्टांची, आणि बाजारात कानावर पडायची अहिराणी, लेवा गणबोली, डोंगरातली पावरी. १९०७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या ज्या खंडात खानदेशीचे नमुने छापले, त्यात तिची नोंद भिल्ली बोलींसोबत केली. नमुन्यासाठी घेतलेली गोष्ट होती बायबलमधल्या उधळ्या मुलाची. ती खानदेशी बोलीत कागदावर आली, पण यावलच्या बाजारात ती कुणाच्या गळी उतरवायची तर नुसते शब्द पुरे नव्हते.

कारण खरा प्रश्न बसण्याचा होता. पाद्री खुर्चीवर बसतो की सतरंजीवर, त्याच्या घराला कुंपण आहे की ओटा, जेवण कुणाच्या हातचं, गाणं कुठल्या चालीत, यावरून गाव माणसाला जोखतं. मराठी मुलखात आलेल्या मिशनऱ्यांना हे उमगायला शंभर वर्षं लागली आणि ते त्यांना शिकवलं मराठी माणसांनीच.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्यांचा सोबती न्यूएल याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट वाटेतच, मॉरिशसला वारली होती. नॉट आजारपणाने परतला, हॉल राहिला आणि देवळांपाशी, बाजारात लोकांशी मराठीत बोलू लागला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकीने माणसं मरत होती. जवळची औषधं वाटत तो फिरला आणि परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठलं. एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर तो वारला. सोबतच्या दोन मुलांनी त्याला शवपेटीविना मातीत ठेवलं. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. एरवी गावोगावची देवळं त्याच्या टीकेचा विषय, पण शेवटचा आसरा त्याला देवळानेच दिला. हॉलच्या चरित्रातली ही सर्वांत बोलकी घटना वाटते.

त्याच्या पाठोपाठ आलेल्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. १८२७ मध्ये एकटी आलेली सिंथिया फरार १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींना शिकवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण तिच्या नगरच्या शाळेशी जोडलेलं आहे. शाळेत माणसं येत, पण रविवारच्या प्रार्थनेत परकेपणा सुटत नव्हता. इंग्रजी चालींत कोंबलेले मराठी शब्द, बाकं, व्यासपीठ. हा तिढा सोडवला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या ख्रिस्ती मंडळीने. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या ओळखीच्या वाटेने येशूची कथा लोकांपुढे आली. फेअरबँकसारख्या मिशनऱ्यांनी त्याला साथ दिली. व्यासपीठ सोडून टाळ-मृदंगाच्या बाजूला बसणं त्यांना सोपं गेलं नसणार. ज्या वाद्यांना त्यांच्यातले काही मूर्तिपूजेची वाद्यं समजत होते, त्याच वाद्यांनी लोक रात्र रात्र बसून ऐकू लागले.

या वाटेवर सर्वांत पुढे गेले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ कवी अमेरिकन मिशनमध्ये राहूनच मिशनच्या राहणीशी भांडला. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच गावात परदेशी दिसू लागतो, ही त्यांची खंत होती. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर हा सगळा सांधेबदल चुलीपाशी उभं राहून सोसला. सोवळंओवळं, विटाळ, कुणाच्या हातचं पाणी, हे एकेक करून त्यांच्या मनातून कसं सुटलं ते 'स्मृतिचित्रे'त त्यांनी लिहिलं आहे. मिशनच्या शेकडो अहवालांत मिळून दैनंदिन श्रद्धेचा एवढा प्रामाणिक हिशेब नसेल.

टिळकांच्या घराचा एक धागा थेट खानदेशात येतो. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेने तिथे कविता म्हटली आणि तो 'बालकवी' झाला. पुढे टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. ब्राह्मणाचा पोरगा ख्रिस्ती घरात राहिला, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला, मिशनच्या शाळेत मास्तर झाला आणि हिंदूच राहिला. आल्यागेल्याचा धर्म न विचारणारं हे घर मिशनच्या आवारात नांदत होतं, हे आज ठासून सांगायला हवं. बालकवी १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. भादली जळगाव आणि भुसावळच्या मध्ये आहे, यावलच्या माणसाच्या नेहमीच्या वाटेपासून फार लांब नाही.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले. पण नगर भागातच काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने ती शिकवण उचलली. त्याने १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापला, पुढल्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्र छापलं. संघातले इंग्रज खादी नेसत, शाकाहारी जेवण जमिनीवर बसून हाताने खात आणि भारतीय सोबत्यांबरोबर एकाच घरात राहत. पुण्याच्या त्यांच्या आश्रमात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन आला. तिथेच त्याला शामराव हिवाळे भेटले आणि १९३२ मध्ये दोघं मंडल्याच्या गोंड मुलखात जाऊन राहिले. एल्विन धर्मप्रचार करायला आला होता. पुढे त्याने तो सोडून दिला, आदिवासींचा अभ्यास हेच आयुष्य केलं.

खानदेशातल्या मिशनऱ्यांची वाट यांच्याइतकी धीट नव्हती. बंगला आणि कुंपण बऱ्याच ठिकाणी राहिलं. पण गाण्याच्या बाबतीत त्यांनीही हट्ट सोडला. जळगाव-भुसावळच्या मराठी चर्चमध्ये आजही 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं जातं. त्यात हेन्री बॅलंटाइन या अमेरिकनाने मराठीत रचलेली गीतं आहेत आणि टिळकांची पदंही आहेत. नाताळच्या भजनात पेटी-तबल्यावर ठेका धरणाऱ्या पोराला यातलं कुठलं पद कुणाचं, हे विचारावंही लागत नाही.