भोसरी आणि सीडी-४ पेशी

भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजारी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभारली. ‘नारी’ या लघुनावाने ती ओळखली जाऊ लागली. १९९३ पासून संस्थेने पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची पाहणी केली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हादरवणारा होता. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. अनेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. दोष बाईच्या माथी मारणाऱ्या समाजाला याहून सडेतोड उत्तर मिळाले नसते.

एचआयव्हीबाधिताचा आजार किती पुढे गेला, हे रक्तातील सीडी-४ या संरक्षक पेशी मोजून ठरवले जाई. पण या पेशी सगळ्या एका जातीच्या नसतात. १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी उंदरांत दाखवले, की सीडी-२५ हे प्रथिन धारण करणाऱ्या काही सीडी-४ पेशी इतर पेशींना आवरतात. त्याच नियामक टी पेशी. फॉक्सपी-३ या जनुकाशी त्यांचे नाते २००३ मध्ये स्पष्ट झाले. या शोधमालिकेला २०२५ चे नोबेल मिळाले.

या नियामक पेशी रासायनिक संदेशांवर घडतात. थायमस ग्रंथीत एखादी कोवळी पेशी शरीराच्याच प्रथिनाला बऱ्यापैकी घट्ट चिकटली, तिला सीडी-२८ या पृष्ठभागावरील प्रथिनाचा संदेश आणि आयएल-२ हे संदेशवाहक प्रथिन मिळाले, की पेशीतील स्टॅट-५ या प्रथिनामार्फत फॉक्सपी-३ कार्यरत होते. थायमसबाहेर हे काम टीजीएफ-बीटा हे दुसरे संदेशवाहक प्रथिन आणि आयएल-२ मिळून करतात. मात्र टीजीएफ-बीटाच्या जोडीला आयएल-६ आले, तर तशीच पेशी दाह भडकवणाऱ्या टीएच-१७ प्रकारात जाते. एचआयव्हीत दाह वर्षानुवर्षे शमत नाही, त्यामुळे नियामक पेशींचा तोलही ढळतो. आवर जास्त झाला तर विषाणूला मोकळे रान, कमी पडला तर दाह. सीडी-४ चा नुसता आकडा हा तोल सांगू शकत नाही.

भोसरीच्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच औषधांविना दीर्घकाळ तग धरलेल्या बाधितांमधील टीआर-१ पेशी तपासल्या. याही नियामकच, पण फॉक्सपी-३ वर न विसंबणाऱ्या. आयएल-१० स्रवून त्या आवर घालतात.

रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र २०११ मध्ये हाती आला. एक जोडीदार बाधित असलेल्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीत नारी हे एक केंद्र होते. दर घनमिलिमीटर रक्तात सीडी-४ पेशी ३५० ते ५५० असतानाच एचआयव्हीविरोधी औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे तीत दिसले. २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असले तरी बाधिताला औषध दिले जाते.